शाई टिकते, कागद विरतो

वर्तमानपत्र हातात पडल्यावर आपण आधी काय पाहतो? अग्रलेखापासून सुरुवात करणारे वाचक थोडेच. बहुतेकांची नजर आधी व्यंगचित्राकडे जाते. चार रेषांत एखादा मंत्री ओळखू येतो, त्याच्या हातातली रिकामी बादली दिसते आणि पाणीटंचाईची सगळी बातमी क्षणात कळते. दुसऱ्या दिवशी तेच पान फडताळात अंथरले जाते, त्यात शेंगदाणे बांधले जातात, नाहीतर ते रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊन पडते. एका दिवसासाठी केलेली वस्तू एका दिवसात संपली, तर त्यात वावगे ते काय?

इतिहास शिकवणाऱ्याला मात्र ही चैन परवडत नाही. एखाद्या वर्षी कोणता कायदा झाला हे राजपत्रात सापडते. त्या कायद्याला लोक हसले की चिडले, कोणाची थट्टा उघडपणे करता येत होती आणि कोणाची नव्हती, हे राजपत्र सांगत नाही. ते व्यंगचित्र सांगते. म्हणूनच ग्रंथालये आणि पुराभिलेखागारे जुनी वृत्तपत्रे, विनोदी साप्ताहिके आणि त्यांतली चित्रे जपून ठेवण्याचा खटाटोप करतात.

हा खटाटोप दिसतो त्यापेक्षा अवघड आहे, कारण व्यंगचित्र दोन वाटांनी नाहीसे होते. एक तर त्याचा कागद विरतो. आणि कागद टिकलाच, तर त्या चित्राचा अर्थ विरतो. पहिली गोष्ट रसायनशास्त्राची, दुसरी इतिहासाची. एक राखून दुसरी सोडून दिली, तर हाती काहीच उरत नाही. या लेखात आपण दोन्ही वाटा पाहू या.

जाड कागदापासून हसऱ्या चित्रापर्यंत

‘कार्टून’ हा शब्द इटालियन भाषेतल्या जाड कागदाच्या नावावरून आला. भिंतीवर मोठे चित्र काढण्याआधी चित्रकार जाड कागदावर त्याचा कच्चा आराखडा काढत, त्याला कार्टून म्हणत. लंडनमध्ये १८४१ साली ‘पंच’ नावाचे विनोदी साप्ताहिक सुरू झाले. १८४३ साली पार्लमेंटच्या नव्या इमारतीत लावायच्या भित्तिचित्रांच्या अशा आराखड्यांचे प्रदर्शन भरले होते. ‘पंच’ने त्याची टर उडवत आपल्या चित्रांनाही ‘कार्टून’ म्हटले. प्रदर्शन विस्मरणात गेले, शब्द मात्र राजकीय थट्टाचित्राला कायमचा चिकटला.

‘पंच’चे वारे मुंबईलाही लवकरच लागले. १८५४ साली येथे ‘पारसी पंच’ निघाले. पुढे त्याचेच ‘हिंदी पंच’ झाले. बरजोरजी नवरोजी यांच्या संपादकत्वाखाली गुजराती आणि इंग्रजी अशा दोन भाषांतून चालणारे हे पत्र राष्ट्रसभेपासून व्हाइसरॉयपर्यंत सर्वांवर चित्रे काढीत असे. मराठीत ठाण्याहून ‘हिंदू पंच’ निघत असे. त्याची जीभ बरीच तिखट होती. १९०९ साली नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याच्यावर बदनामीचा दावा लावला होता.

विसाव्या शतकात हा प्रवाह रुंदावला. शं. वा. किर्लोस्कर हे संपादक स्वतः व्यंगचित्रे काढत आणि आपल्या मासिकांतून समाजातल्या रूढींवर टीका करत. दिल्लीत १९४८ साली ‘शंकर्स वीकली’ सुरू झाले. १९५१पासून आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ मुंबईच्या वृत्तपत्रातून रोज भेटू लागला. १९६० साली बाळ ठाकरे आणि त्यांचे बंधू श्रीकांत यांनी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक काढले. वसंत सरवटे यांनी चित्रे काढलीच, शिवाय व्यंगचित्र कसे वाचावे हेही मराठी वाचकाला लिहून समजावले.

या सर्वांत एक समान धागा होता. बहुतेक चित्रे छापली गेली ती बाजारातल्या सर्वांत स्वस्त कागदावर.

कागद पिवळा का पडतो?

पुराभिलेखागारात गेल्यावर प्रथम आश्चर्य वाटते ते याचे की दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीची मोडी पत्रे अजून चिवट आहेत आणि ऐंशी वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र मात्र हात लावताच तुकडे होऊन पडते. जुने ते टिकाऊ आणि नवे ते ठिसूळ, असे का व्हावे?

उत्तर कागदाच्या जन्मात आहे. पूर्वी आपल्याकडे जुन्नरला आणि मराठवाड्यात दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद तयार होत असे. त्याचा लगदा चिंध्या, जुने दोरखंड आणि ताग यांच्यापासून केलेला असे. चिंध्या म्हणजे कापूस, आणि कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. सेल्युलोजचा रेणू ही ग्लुकोजच्या शेकडो-हजारो कड्यांची लांब साखळी असते. साखळ्या जितक्या लांब, तितका धागा चिवट आणि कागद बळकट.

वर्तमानपत्रांचा खप वाढला तशा चिंध्या पुरेनाशा झाल्या. १८४४च्या सुमारास जर्मनीत केलर याने लाकूड दगडावर घासून त्याचा लगदा करण्याची पद्धत शोधली आणि कागद एकदम स्वस्त झाला. पण लाकडात सेल्युलोजबरोबर लिग्निन नावाचा पदार्थ असतो. लाकडाचा साधारण चौथा हिस्सा त्याचाच. झाडात तो सिमेंटसारखे काम करतो, धागे एकमेकांशी बांधून खोड ताठ ठेवतो. पुस्तकाच्या चांगल्या कागदासाठी रासायनिक प्रक्रिया करून लिग्निन बरेचसे काढून टाकतात. वर्तमानपत्राच्या कागदात ते राहू दिले जाते, कारण काढायला पैसा लागतो आणि वर्तमानपत्र तर उद्या शिळे होणार असते.

लिग्निनवर उजेड पडला, विशेषतः उन्हातले जंबुपार किरण पडले, की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची क्रिया होते आणि पिवळसर-तपकिरी रंगाची संयुगे तयार होतात. पान पिवळे पडते ते यामुळे. याच क्रियेत आम्लेही तयार होतात. त्यात आणखी एक भर पडे. कागदावर शाई फुटू नये म्हणून एकोणिसाव्या शतकापासून त्याला राळ आणि तुरटीच्या जातीचे ॲल्युमिनियमचे लवण यांची खळ देत. हे लवणही दमट हवेत आम्लधर्मी होते.

आम्लाची मदत मिळाली की हवेतल्या ओलाव्याचे पाणी सेल्युलोजच्या साखळीची कडी सोडवते. हजार कड्यांच्या साखळीचे दोन तुकडे, मग चार. वरून पान अखंड दिसते, पण घडी घातली की मोडते. आम्ल मात्र या क्रियेत खर्ची पडत नाही, ते पुढची कडी तोडायला मोकळेच असते. म्हणून एकदा सुरू झालेली झीज आपोआप थांबत नाही, उलट वाढत जाते.

तापमान वाढले की क्रियेचा वेग वाढतो. साधारण दहा अंशांच्या वाढीला वेग दुप्पट, हा आपण वर्गात शिकवतो तो ढोबळ नियम येथेही लागू पडतो. बीडसारख्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या छपराखालच्या कपाटात ठेवलेला अंक मग थंड दालनात ठेवलेल्या अंकापेक्षा कितीतरी लवकर म्हातारा होतो. मुंबईत उष्मा कमी, पण दमट हवेमुळे बुरशीचा त्रास अधिक. वाळवी आणि कसर तर दोन्हीकडे असतेच.

आता यातली गंमत पाहा. छपाईची काळी शाई म्हणजे तेलात खललेली काजळी. काजळी म्हणजे कार्बन, आणि तो उन्हाने उडत नाही, आम्लालाही दाद देत नाही. म्हणजे शंभर वर्षांनंतरही रेघ पहिल्याइतकीच काळी असते. तिच्या खालची जमीनच खचते.

रेघेचा ठसा

जुन्या व्यंगचित्रांत छटा क्वचितच दिसतात. सावली दाखवायची तर बारीक समांतर किंवा आडव्या-उभ्या रेघांचे जाळे काढलेले असते. ही केवळ चित्रकाराची आवड नव्हती, तर छपाईची अडचण होती. छापखान्याचे यंत्र एकतर शाई लावते किंवा लावत नाही. फिकट काळे असे त्याला काही कळत नाही.

चित्रापासून जस्ताचा ब्लॉक असा होई. चित्राचे छायाचित्र घेऊन त्याची निगेटिव्ह करत. तीत काळ्या रेघांच्या जागा पारदर्शक असत. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रव्याचा थर जस्ताच्या पत्र्यावर देऊन त्यावर निगेटिव्हमधून प्रखर उजेड पाडत. रेघांच्या जागी थर घट्ट बसे, बाकीचा धुऊन जाई. मग पत्रा नायट्रिक आम्लात ठेवला की उघडे जस्त खाल्ले जाई आणि झाकलेल्या रेघा उंच उभ्या राहत. त्यांना शाई लावली की ठसा उमटे.

म्हणजे चित्राला जन्म देणारे आम्ल आणि त्याचा कागद खाणारे आम्ल, दोन्ही एकाच कुळातले! व्यंगचित्राच्या जन्माला आणि मरणाला रसायनशास्त्र असे साक्षी आहे. हे दोन्ही टोकांनी शिकवले तर आम्लांचा धडा मुलांच्या चांगला लक्षात राहील.

ज्याची थट्टा, तोच राखणदार

व्यंगचित्रे जपली कोणी? वाचकांनी जपली असतील असे वाटते. पण वाचक वाचून टाकून देतो. इंग्रजी अमदानीतील थट्टा जपण्याचे मोठे काम केले ते जिची थट्टा होत होती त्या सरकारनेच.

१८६७ सालच्या कायद्याने छापखान्यांची आणि छापील पुस्तकांची नोंद सक्तीची झाली. १८५७ नंतर देशी भाषांतली पत्रे काय लिहितात याची सरकारला काळजी वाटू लागली होती. म्हणून मुंबई इलाख्यात सरकारी भाषांतरकार मराठी, गुजराती आणि इतर भाषांतली पत्रे वाचून त्यांचे इंग्रजी गोषवारे तयार करत. हे साप्ताहिक अहवाल गोपनीय असत. एखादे चित्र झोंबणारे वाटले की त्यात काय काढले आहे याचे वर्णनही केले जाई. भाषांतरकाराला विनोदाशी देणेघेणे नव्हते. चित्रात कोण उभा आहे, त्याच्या हातात काय आहे, खाली काय लिहिले आहे आणि त्यातून सरकारविषयी अप्रीती पसरते का, एवढेच तो पाही. पण नकळत त्याने पुढच्या पिढ्यांवर उपकार केले. मूळ अंक हरवला तरी त्या चित्राचे शब्दांतले वर्णन मागे राहिले. हे अहवाल महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेखागारात अभ्यासकांना पाहायला मिळतात. मुंबईचे हे दप्तर एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. जप्त केलेल्या पुस्तका-पत्रकांच्या प्रतीही दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बंदी घालणाऱ्याला पुराव्यादाखल एक प्रत ठेवावीच लागते!

काही पत्रांनी आपली सोय आपणच केली. ‘हिंदी पंच’ आपल्या निवडक चित्रांचे संग्रह पुस्तकरूपाने काढीत असे. पुस्तकाचा कागद बरा, बांधणी मजबूत, आणि पुस्तक रद्दीत सहसा जात नाही. साप्ताहिकांपैकी फार थोड्यांना हे भाग्य लाभले.

बीड जिल्ह्याची गोष्ट वेगळी. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे मराठी पत्र चालवणे हेच धाडस होते. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली ‘मराठवाडा’ साप्ताहिक सुरू केले. बंदी आली की ते नाव बदलून पुन्हा निघे. वाचकाच्या दृष्टीने ही चतुराई होती, ग्रंथपालाच्या दृष्टीने मात्र मोठे कोडे. एकच पत्र सूचीत वेगवेगळ्या नावांनी बसलेले, आणि ती सगळी भावंडे आहेत हे माहीत असलेला माणूस गेला की दुवा तुटला.

स्वातंत्र्यानंतर जपणुकीला कायद्याची नवी जोड मिळाली. १९५४च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती ठराविक ग्रंथालयांकडे पाठवाव्यात असे ठरले आणि १९५६च्या दुरुस्तीने त्यात नियतकालिकांचाही समावेश झाला. कलकत्त्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मद्रासचे कॉनेमारा, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्लीचे सार्वजनिक ग्रंथालय ही ती ठिकाणे. याखेरीज ठाण्याचे १८९३ सालचे आणि मुंबईचे १८९८ सालचे मराठी ग्रंथसंग्रहालय यांसारख्या संस्थांनी लोकांच्या वर्गणीतून आणि देणग्यांतून मराठी ग्रंथ आणि नियतकालिके सांभाळली आहेत.

चित्र उरले, अर्थ हरवला

आता दुसरी वाट पाहू. समजा अंक अखंड मिळाला, रेघ न् रेघ स्पष्ट आहे. तरी चित्र कळेलच असे नाही.

बीडचेच उदाहरण घेऊ. २०२४ सालच्या दसऱ्याला नारायणगडावर मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी मनोज जरांगे यांचा मोठा मेळावा झाला. त्याच दिवशी याच जिल्ह्यात सावरगावच्या भगवान भक्तिगडावर पंकजा मुंडे यांचा मेळावा होता. त्या आठवड्यात एखाद्या चित्रकाराने समोरासमोर दोन गड काढले असते तर बीडच्या पानवाल्यालाही ते चटकन कळले असते. आणखी पन्नास वर्षांनी ते चित्र पाहणारा विद्यार्थी काय म्हणेल? त्याला गड म्हणजे तटबंदी, बुरूज, तोफा वाटतील. बीडमध्ये गड म्हणजे संतांचे स्थान, नारायणगड म्हणजे नगद नारायण महाराजांचे संस्थान, तेथे वारकरी जमतात आणि म्हणून तेथून बोललेल्या शब्दाला वजन येते, हे त्याला कोण सांगणार? चित्रात ते लिहिलेले नसते. चित्रकार ते वाचकाला ठाऊक आहे असे धरून चालतो. व्यंगचित्राची सगळी ताकद या न सांगितलेल्या भागात असते, आणि काळाच्या ओघात पहिल्यांदा गळून पडतो तो हाच भाग.

संदर्भ गळालेले चित्र वर्गात आणले तर काय होऊ शकते, याचा धडा २०१२ साली साऱ्या देशाने घेतला. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात शंकर यांचे १९४९ सालचे एक व्यंगचित्र २००६पासून छापलेले होते. त्यात राज्यघटना गोगलगाय म्हणून दाखवली आहे, तिच्यावर हातात चाबूक घेतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले आहेत आणि मागे पंडित नेहरू चाबूक उगारून उभे आहेत. घटनेच्या कामाला उशीर होतो आहे, ही तेव्हाची टीका. २०१२च्या मे महिन्यात संसदेत या चित्रावर तीव्र आक्षेप घेतले गेले. पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली. पुढे ते चित्र पुस्तकातून काढले गेले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे येथे शांतपणे ऐकले पाहिजे. इतिहासातले साधन वर्गात आणू नये असे म्हटले तर इतिहास शिकवायचा कसा? हा एक प्रश्न. पण ज्या समाजाने शतकानुशतके आसूड खाल्ले, त्या समाजातल्या मुलाला आपल्या उद्धारकर्त्याच्या पाठीमागे चाबूक उगारलेला पाहून काय वाटेल? हाही तितकाच खरा प्रश्न. १९४९ साली इंग्रजी वृत्तपत्रे वाचणारा आणि काढणारा वर्ग कोणता होता, हे सांगितल्याशिवाय हे चित्र पुरते कळत नाही. उन्नमती श्याम सुंदर यांनी जुन्या वृत्तपत्रांच्या संग्रहांतून बाबासाहेबांवरची १९३२ ते १९५६ या काळातली शंभरहून अधिक व्यंगचित्रे शोधून २०१९ साली पुस्तकरूपाने मांडली. प्रत्येक चित्राशेजारी त्यांनी त्या वेळी प्रत्यक्षात काय घडत होते ते दिले. एक चित्र सुटे पाहिले तर विनोद वाटतो. शंभर चित्रे ओळीने पाहिली की चित्रकारांची नजर कोठून येत होती ते दिसू लागते. व्यंगचित्रकार नेहमी दुबळ्याच्या बाजूनेच असतो, ही आपली समजूत संग्रहालयच तपासून देते.

शंकर यांच्या त्या चित्राला उत्तरही संग्रहातच आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी दिरंगाईच्या आरोपाचा आकड्यांनिशी समाचार घेतला. अमेरिकेची घटना चार महिन्यांत झाली, पण तीत कलमे सात. ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे लागली. आपल्या घटनेत ३९५ कलमे आणि मसुद्यावर प्रत्यक्ष चर्चेला आलेल्या दुरुस्त्या २,४७३. काम मात्र तीन वर्षांच्या आत संपले. चित्र आणि हे भाषण शेजारी ठेवले तर वर्गात राज्यघटनेवर याहून चांगला तास होणार नाही. दोन्हींपैकी एक हरवले तर उरलेले अर्धसत्य होऊन बसते.

फिल्म आणि संगणक

ग्रंथालये कागद वाचवण्यासाठी काय करतात? पहिला उपाय म्हणजे आम्लाला अल्काने उतारा. १९४०च्या दशकात अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी कागद चुन्याच्या सौम्य द्रावणात बुडवून आम्ल मारण्याची पद्धत रुळवली. प्रयोगशाळेतली आपली चुन्याची निवळीच ती. पण हे काम तज्ज्ञांचे आहे. ठिसूळ कागद पाण्यात सुटून जातो, म्हणून घरी किंवा शाळेत ते करू नये. मोडक्या पानाला मागून पातळ, आम्लरहित कागद लावून आधार देतात.

दुसरा उपाय म्हणजे कागदाचा नाद सोडून चित्र वाचवणे. मायक्रोफिल्मवर पानाचे अगदी छोटे छायाचित्र घेतात. पॉलिएस्टरची फिल्म थंड, कोरड्या जागी ठेवली तर काही शतके टिकते आणि भिंगातून कोणालाही वाचता येते. मात्र मायक्रोफिल्म अक्षरांसाठी केलेली असते. तिला काळे आणि पांढरे नीट कळते, करडे आणि रंगीत नाही. जस्ताच्या ब्लॉकवरून छापलेली रेघ ती उत्तम पकडते, रंगीत मुखपृष्ठ मात्र तिच्यात काळवंडते.

तिसरा उपाय संगणकाचा. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथ संजीवनी’ या नावाने आपले दुर्मिळ ग्रंथ आणि नियतकालिके संगणकावर आणली आहेत. छापील अक्षरे संगणक वाचू शकतो, त्यामुळे ‘दुष्काळ’ असा शब्द टाकून हजारो पाने चाळता येतात. पण ज्या चित्रात शब्दच नाहीत ते कसे सापडणार? रिकामी बादली काढलेले चित्र ‘दुष्काळ’ या शब्दाला ओ देत नाही. त्यासाठी कोणीतरी चित्र पाहून, त्यात कोण आहे, काय घडते आहे, ते कोणत्या बातमीवर आहे, हे लिहून ठेवावे लागते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारी भाषांतरकार संशयाने करत होता तेच काम आज सूचीकाराला आपुलकीने करायचे आहे.

आपल्या शाळेत काय करता येईल?

मोठ्या संस्था मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांकडे पाहतील. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या पत्रांकडे कोण पाहणार? नारायणगडाच्या परिसरातली एखादी शाळा पाहू शकेल. त्यासाठी खर्च फारसा नाही, सातत्य मात्र हवे.

आधी एक प्रयोग. आजच्या वर्तमानपत्राचे एक पान घ्या. अर्धे पान जाड पुठ्ठ्याने झाका आणि उन्हात ठेवा. शेजारी चांगल्या वहीचे एक पान तसेच अर्धे झाकून ठेवा. वाऱ्याने उडू नये म्हणून दगड ठेवा. दोन-चार दिवसांनी पुठ्ठा उचलून झाकलेल्या आणि उघड्या भागाच्या रंगाची तुलना करा. कोणते पान जास्त पिवळे पडले? अक्षरांच्या काळेपणात फरक पडला का? मग रद्दीतले एखादे बरेच जुने, टाकाऊ पान घेऊन त्याचा एक कोपरा पुढे-मागे दुमडा आणि किती घड्यांत तो तुटतो ते मोजा. तेच ताज्या पानावर करा. घड्यांचा आकडा म्हणजे सेल्युलोजच्या साखळ्या किती शिल्लक आहेत याचा ढोबळ अंदाज. एकाच वर्षाचे, पण वेगवेगळ्या घरांतून आलेले अंक तपासले तर ते कोठे ठेवले होते त्याचाही परिणाम दिसेल.

आता व्यंगचित्रांचे बाड. महिन्यातून चारच चित्रे निवडा, पण ती नीट ठेवा.

चित्र कात्रीने कापू नका, सबंध पान ठेवा. शेजारची बातमी, पानावरची तारीख, पत्राचे नाव हे सर्व चित्राचाच भाग आहे. कापलेले चित्र म्हणजे पत्ता फाडलेले पाकीट.

चिकटपट्टी, डिंक आणि पिना वापरू नका. चिकटपट्टीचा गोंद कालांतराने तपकिरी होऊन कागदात मुरतो, पिना पावसाळ्यात गंजतात. पान शक्य तितके सपाट ठेवा आणि घडी घालावीच लागली तर ती चित्रावरून जाऊ देऊ नका.

पाने सुती कापडात बांधा, जशी जुनी दप्तरे रुमालात बांधत. बाड कपाटात, जमिनीपासून उंच, उन्हापासून आणि ओल्या भिंतीपासून दूर ठेवा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर उघडून वाळवी-कसर पाहा. पानाचे मोबाईलवर छायाचित्रही घ्या आणि त्याला तारखेचे नाव द्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येक पानाबरोबर एक चिठ्ठी ठेवा. तीत विद्यार्थ्यांनी पेन्सिलीने पाच प्रश्नांची उत्तरे लिहावीत. चित्र कोणत्या पत्रात, कोणत्या तारखेला आले? चित्रातली माणसे कोण? ते कोणत्या बातमीवर आहे? चित्रकाराने काय गृहीत धरले आहे, म्हणजे आपल्याला कळते पण परगावच्या माणसाला कळणार नाही असे त्यात काय आहे? आणि ज्याची थट्टा झाली त्याचे उत्तर काय?

चौथ्या प्रश्नावर थोडा जास्त वेळ द्यावा. आपल्याला जे उघड वाटते ते लिहून ठेवायचे कोणाला सुचत नाही, आणि पन्नास वर्षांनी नेमके तेच हरवलेले असते. पाचवा प्रश्नही सोडू नये. चित्राला हसता येणे आणि हसल्यावर दुसरी बाजू शोधायला जाणे, ही दोन्ही नागरिकशास्त्राची प्रात्यक्षिकेच आहेत.

या बाडातला कागद आज ना उद्या पिवळा पडणारच. तो काळ लांबवणे आपल्या हाती आहे, टाळणे नाही. चिठ्ठीत लिहिलेले मात्र कोणीही पुन्हा नव्या कागदावर उतरवून घेऊ शकतो. दर वर्षी नववीच्या वर्गाने आठवीच्या वर्गाकडे बाड सोपवताना त्यातल्या चिठ्ठ्या वाचून दाखवाव्यात. न कळलेला शब्द सापडला की तेथेच त्याचा अर्थ लिहावा. चित्र समजावून सांगणारी माणसे अजून गावात आहेत, तोवरच हे काम होऊ शकते.